पार्किन्सन्स आणि अंगावर घालायचे सेन्सर : सांगली-साताऱ्याकडून वारंवार येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सांगलीत पार्किन्सन्सच्या रुग्णांचा व्यायामवर्ग घेते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जतपासून फलटणपर्यंतचे लोक आहेत. व्यायामाच्या खालोखाल तिथे हालचाल मोजणाऱ्या घड्याळांबद्दल विचारलं जातं, म्हणून तेच तेच प्रश्न एका जागी आणले. औषध किती घ्यायचं याचं उत्तर इथे मिळणार नाही. ते तुमचे न्यूरॉलॉजिस्टच सांगतील.

१. हा सेन्सर म्हणजे नेमकं काय? दवाखान्यातलं यंत्र की बाजारातलं घड्याळ?

दोन्ही. आत बसवलेले भाग साधारण सारखेच असतात. अॅक्सिलरोमीटर हालचालीचा वेग किती झटक्यात बदलला ते टिपतो, तर जायरोस्कोप अवयव किती वळला ते. तुमच्या मोबाईलची स्क्रीन आडवी-उभी होते ती याच भागांमुळे. फरक पडतो तो त्या आकड्यांमधून पार्किन्सन्सची लक्षणं वेगळी काढणाऱ्या गणितात, आणि ते गणित रुग्णांवर तपासून घेतलंय की नाही यात.

खास पार्किन्सन्ससाठी बनवलेल्यांपैकी ऑस्ट्रेलियातलं पर्सनल कायनेटिग्राफ (पीकेजी) मनगटावर बांधतात. स्पेनमधलं स्टॅट-ऑन कमरेच्या पट्ट्यात बसतं. अमेरिकेतल्या कायनेशिया ३६० चा एक भाग मनगटावर असतो आणि एक घोट्यावर. उपचार आणि उपकरणं तपासून शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अशा पाच उपकरणांच्या वापराला हिरवा कंदील दाखवला, पण अट घातली की वापरता वापरता आणखी पुरावा गोळा करायचा. म्हणजे गोष्ट उपयोगाची आहे, पण अजून पूर्ण सिद्ध झालेली नाही. दुकानात मिळणाऱ्या स्मार्टवॉचबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. डॉक्टर तपासतातच की. मग हे कशाला?

डॉक्टर तुम्हाला दहा मिनिटं बघतात. पार्किन्सन्स मात्र दिवसभर एकसारखा नसतो. गोळीतलं लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, रक्तात साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. आजार नवा असताना मेंदू ही चढउतार सांभाळून घेतो. काही वर्षांनी ते जमेनासं होतं आणि दिवसाचे तुकडे पडतात: गोळी लागली की ‘ऑन’, उतरली की ‘ऑफ’, आणि काहींना गोळीचा जोर असताना अंगाची वळवळ, म्हणजे डिस्कायनेशिया.

त्यातून एसटीने दोन तास प्रवास करून मिरजेला आलेला माणूस डॉक्टरांसमोर कसा दिसेल, हे त्याने सकाळची गोळी कितीला घेतली यावर ठरतं. काही जण डॉक्टरांना बघून एकदम तरतरीत होतात आणि घरचे मागे उभे राहून कपाळाला हात लावतात. काहींचा कंप तिथल्या ताणानेच दुप्पट होतो.

डॉक्टरांची तपासणीसुद्धा मोजमापच आहे. बोटं टिचकवायला लावतात, मूठ उघड-मीट करायला लावतात, चालवतात, आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार गुण देतात. पण ते गुण त्या एका क्षणाचे असतात. उरलेल्या दिवसासाठी पूर्वी फक्त डायरी होती: दर अर्ध्या तासाला ‘ऑन’, ‘ऑफ’ किंवा ‘वळवळ’ अशी खूण करायची. पहिल्या दिवशी लोक ती मनापासून भरतात आणि तिसऱ्या दिवशी रात्री बसून आठवून आठवून. सेन्सरची खरी किंमत इथे आहे. दिवसाच्या कोणत्या तासाला शरीर काय करत होतं, हे तो आठवणीवर न सोडता लिहून ठेवतो.

३. घड्याळ बांधून कळेल का, बाबांना पार्किन्सन्स आहे की नाही?

नाही. असं सांगून कोणी घड्याळ विकत असेल तर घेऊ नका.

हात थरथरण्याची कारणं बरीच आहेत. इसेन्शियल ट्रेमर या वेगळ्या आजारात कप उचलताना, सही करताना हात थरथरतो. पार्किन्सन्सचा नेहमीचा कंप हात मांडीवर निवांत पडलेला असताना येतो. थायरॉईड वाढल्यावरही हात थरथरतात. सेन्सर थरथर मोजेल, पण ती कशामुळे आली याचा निवाडा त्याच्या हातात नाही.

एका गोष्टीवर जरा थांबते, कारण ती आपल्याकडे फार दिसते. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन महिनोन् महिने चालू राहतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलेलं असतं. या औषधांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखा मंदपणा, ताठरपणा आणि कंप येऊ शकतो, आणि औषध बंद केल्यावर बऱ्याच जणांचा तो हळूहळू ओसरतो. म्हणून घड्याळ शोधण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि न्यूरॉलॉजिस्टसमोर ओता. मेडिकलमधून नुसतं नाव सांगून आणलेलीसुद्धा.

४. आमच्या आक्कांना कंप अजिबात नाही, नुसत्या हळू झाल्यात. त्यांना सेन्सरचा उपयोग काय?

कदाचित जास्तच. सुरुवातीला विश्रांतीतला कंप साधारण ७० टक्के रुग्णांत दिसतो, बाकीच्यांत नाही. त्यामुळे घरचे म्हणतात, वय झालं, आळस वाढला. निदानाचा मुख्य आधार हालचालीतला मंदपणा हाच आहे, आणि चांगली उपकरणं कंपापेक्षा त्याच्यावरच जास्त भर देतात.

५. कंप कुठला, वळवळ कुठली आणि साधं काम कुठलं, हे यंत्राला कसं कळतं?

लयीवरून. पार्किन्सन्सचा विश्रांतीतला कंप सेकंदाला चार ते सहा वेळा येतो, आणि तो बराच नियमित असतो. हीच लय सलग टिकली की यंत्र त्याला कंप म्हणतं. डिस्कायनेशियाची वळवळ त्याहून संथ आणि अनियमित असते. ती वाहती असते आणि मध्ये स्वस्थपणा असा येतच नाही. मंदपणा ओळखायचा तो उलट्या बाजूने: दोन हालचालींमधली अंतरं लांबतात, आणि हात हलला तरी त्यात जोर नसतो.

पीकेजीसारखं यंत्र दर दोन मिनिटांच्या तुकड्याला मंदपणाचा एक आकडा देतं आणि वळवळीचा एक. असे शेकडो तुकडे जोडले की दिवसाचा आलेख तयार होतो. एका तुकड्यावरून काहीच ठरत नाही. आठवडाभर रोज अकराच्या सुमारास आलेख तसाच वळत असेल तर मात्र दखल घ्यायची.

गफलत कुठे होते तेही सांगते. दुपारी जेवून आडवं झालेला माणूस यंत्राला अतिशय मंद झालेला वाटू शकतो. म्हणून वामकुक्षीची वेळ लिहून ठेवायची (प्रश्न ९).

६. कोणत्या हाताला बांधायचं? आईच्या हातात पाटल्या-बांगड्या आहेत.

ज्या बाजूला आजार जास्त, त्या हाताला. पार्किन्सन्स बहुतेकांत एका बाजूने सुरू होतो आणि ती बाजू पुढेही जास्त बाधित राहते. डावखुरेपणाचा इथे संबंध नाही. एकदा हात ठरला की पुढच्या वेळीही तोच ठेवायचा, नाहीतर दोन आलेखांची तुलनाच होत नाही.

बांगड्यांचं दुखणं खरं आहे. काचेच्या बांगड्या आणि पाटली घड्याळावर आपटत राहतात आणि प्रत्येक आपटणं सेन्सरमध्ये उमटतं. शिवाय घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराकडे सरकवलं की पट्टा सैल पडतो आणि घड्याळ फिरतं. तेवढ्या आठवड्यासाठी त्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातात घालता येतात का, हे आईंनाच विचारा. एखादी बांगडी ठेवायचीच असेल तर ती घड्याळाच्या वर, मनगटापासून लांब, आणि घट्ट बसणारी असावी. सुनेने परस्पर उतरवून ठेवू नये. त्यावरून झालेली रुसवाफुगवी मी पाहिली आहे, आणि त्या घरी घड्याळ दोन दिवसांत कपाटात गेलं.

पट्टा किती घट्ट? खाली एक बोट जेमतेम शिरेल इतका.

७. भाकरी थापताना, भजनात टाळ वाजवताना, गाडीवर जाताना ते काढून ठेवायचं का?

काढू नका, वेळ लिहा. काढून ठेवलेलं घड्याळ परत बांधायचं राहून जातं.

पण शंका रास्त आहे. झपझप भाकरी थापणारा हात कंपाच्या लयीच्या बराच जवळ जातो. टाळ आणि ताक घुसळणं यांचंही तेच. द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत दिवसभर कात्री चालवणाऱ्या एकांचा आलेख असा काही उसळला होता की वळवळ वाढली असंच कोणी म्हणालं असतं. खड्ड्यांच्या रस्त्यावरची मोटारसायकल आणि ट्रॅक्टर हेही आलेखात गोंधळ घालतात. एकदा कारण कळलं की डॉक्टर तेवढा भाग सोडून वाचतात.

कंप असलेला हात खिशात घालून किंवा दुसऱ्या हाताने दाबून बसायची कित्येकांना सवय असते. चारचौघांत लाज वाटते म्हणून. त्याने कंप कमी दिसतो. निदान घरात तरी हात मोकळा सोडायला सांगा.

८. किती दिवस घालायचं, आणि कोणता आठवडा निवडायचा? रात्रीही घालायचं का?

खास उपकरणं बहुधा सहा-सात दिवसांसाठी देतात. वर्षभर रोज मोजून हाती फारसं काही लागत नाही, उलट माणूस आकड्यांच्या नादी लागतो. डॉक्टर औषध बदलणार असतील तर बदलाआधी एक आठवडा आणि बदल अंगवळणी पडल्यावर एक आठवडा, एवढं पुष्कळ झालं.

आठवडा साधा निवडा. घरात लग्न, गावची यात्रा, ताप, जुलाब असं काही नसलेला. रात्रीचं त्या त्या उपकरणावर अवलंबून आहे. पण पहाटे अंग लाकडासारखं होणं आणि रात्री कुशीवर वळता न येणं ही तुमची मुख्य तक्रार असेल, तर रात्रीची नोंद घेणारं उपकरण मागा.

९. घड्याळासोबत काय काय लिहायचं? तेच सगळं मोजतं ना?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. गोळी कधी पोटात गेली हे घड्याळाला कळत नाही. काही उपकरणं गोळीच्या वेळी मनगटावर थरथरून आठवण करतात आणि घेतल्यावर बटण दाबायला सांगतात. पण बटण दाबलं आणि गोळी टेबलावरच राहिली, असंही घडतं.

शाळेची एकरेघी वही पुरे. गोळी प्रत्यक्ष गिळल्याची वेळ, जेवणाची वेळ आणि ताटात काय होतं, झोप, वर सांगितलेली कामं, आणि पडणं किंवा पाय चिकटणं (प्रश्न १९). बस्स. मनःस्थितीवर निबंध नको.

हे सगळं कशासाठी, ते एका उदाहरणावरून कळेल. वर्गातल्या एका निवृत्त मास्तरांची तक्रार अशी, की दुपारची गोळी लागतच नाही. घरच्यांना वाटायचं गोळी बनावट आहे, कंपनी बदला. आलेखात सकाळी आठच्या गोळीनंतर पाऊण तासात मंदपणा उतरलेला दिसत होता. दुपारी एकच्या गोळीनंतर मात्र रेघ तीनपर्यंत जागची हलली नव्हती. वही शेजारी ठेवली तेव्हा उलगडलं. आठची गोळी नुसत्या पाण्यासोबत होती आणि एकची गोळी भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर दह्यासोबत. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरतं ते प्रथिनांचे घटक ज्या वाटेने जातात त्याच वाटेने. ताटात प्रथिनं भरपूर असली की गोळीला वाट बघावी लागते. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला आणि गोळी साडेबाराला, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली. मास्तरांची दुपार परत आली. नुसत्या आलेखावरून ही गोळी कमी पडतेय असं वाटलं असतं आणि डोस वाढला असता.

१०. मग उसळ, दूध, अंडी बंदच करायची का?

मुळीच नाही. पार्किन्सन्समध्ये वजन आणि स्नायू आधीच उतरत असतात. पदार्थ तेच ठेवायचे, फक्त गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायचं: गोळी साधारण जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्किट चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. मळमळीसाठी मनाने औषध आणू नका. कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

११. वैद्यांचं कौंचबीजाचं चूर्ण चालू आहे. ते वहीत लिहायचं का?

लिहायचंच, वेळेसकट. कौंचबीज म्हणजे खाजकुयरीचं बी, आणि त्यात लेव्होडोपा खरोखरच असतं. म्हणजे तुम्ही तेच औषध दोन दारांनी घेताय आणि डॉक्टरांना एकच दार माहीत आहे. आलेखात भलत्या वेळी वळवळ दिसली तर तिचा उगम चूर्णात असू शकतो. वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दुसऱ्याचं औषध सांगा. रागावतील म्हणून लपवणारे बरेच भेटतात.

१२. माझ्याकडे साधं स्मार्टवॉच आहे. त्याने भागेल का?

थोडंफार. चाललेली पावलं, झोपेची साधारण वेळ आणि गोळीचा गजर, इतकं ते करतं. यातला गजर सगळ्यात कामाचा.

पावलांच्या आकड्यावर विसंबू नका. मनगटावरचं घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं, आणि पार्किन्सन्समध्ये नेमका तोच झोका जातो. छोटी, घासटत पडणारी पावलं त्यातून निसटतात. वॉकर धरून आमराईत दोन फेऱ्या मारलेल्या माणसाच्या खाती शंभर पावलंही जमा होत नाहीत आणि तो हिरमुसतो. फोन पँटच्या खिशात ठेवला तर आकडा बराच जवळ येतो.

ॲपल वॉचवर विश्रांतीतला कंप आणि डिस्कायनेशिया मोजता येतात. त्याबद्दलचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर चालणाऱ्या एका ॲपला २०२२ मध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने मंजुरी दिली. पण घड्याळ विकत घेतलं की हे मोजमाप आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी तसं ॲप लागतं. घ्यायच्या आधी दुकानदाराला नको, तुमच्या डॉक्टरांना विचारा की या ॲपचा अहवाल तुम्ही बघाल का. नाही म्हणाले तर पैसे वाचले.

१३. हे घातल्यावर कंप थांबतो का?

नाही. हे मोजायचं साधन आहे, उपचार नव्हे.

१४. आम्ही पाटणच्या डोंगरात राहतो. रेंज नाही, वीज जाते. चालेल का?

चालतं. खास उपकरणं नोंद स्वतःच्याच पोटात साठवतात, दर क्षणाला इंटरनेट लागत नाही. आठवडा संपला की नोंद दवाखान्यात उतरवून घेतात, किंवा रेंजमध्ये आल्यावर फोन ती पाठवतो. विजेचं म्हणाल तर काही उपकरणं एका चार्जवर आठवडा काढतात. स्मार्टवॉचला मात्र रोज किंवा दोन-चार दिवसांनी चार्ज लागतो. ते आंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावा. रात्री लावलं तर सकाळी बांधायचं विसरतं, आणि पहाटेचा ‘ऑफ’ नोंदीतून गळतो.

१५. किंमत किती? घ्यावं का?

खास उपकरणं परदेशात रुग्ण सहसा विकत घेत नाहीत. दवाखाना आठवड्यापुरतं देतो आणि अहवाल डॉक्टरांकडे जातो. आपल्याकडेही कुठे सोय असेल तर अशीच, न्यूरॉलॉजिस्टमार्फत शोधा. ऑनलाइन परस्पर मागवलेल्या यंत्राचा अहवाल वाचणारं कोणी नसेल तर तो खर्च वाया.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत, गोळी दिवसभर नीट लागत असताना, याची गरज नसते. गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच उतरायला लागला, वळवळ सुरू झाली, किंवा रुग्णाला स्वतःचं सांगता येत नसेल, तेव्हा विचार करा. तोवर प्रश्न ९ मधली वही आणि फोनवरचे व्हिडिओ. एक मिनिटाचे तीन व्हिडिओ काढा: सकाळी गोळीआधी चालताना, गोळीनंतर तासाने चालताना, आणि सगळ्यात वाईट वेळेला. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर हे आनंदाने बघतात.

१६. मुलगा पुण्याहून ॲपवर बघतो आणि दिवसातून चारदा फोन करतो, “आण्णा, आज चालला नाहीत?” यांना आता घड्याळच नको झालंय.

आण्णांचं बरोबर आहे.

मुलाची काळजी खोटी नाही. लांब राहणाऱ्याला तेवढाच धीर. पण हे साधन गोळ्यांच्या वेळा बसवण्यासाठी आहे, माणसावर पाळत ठेवण्यासाठी नाही. शिवाय ताणाने कंप वाढतो, म्हणजे फोनच्या रिंगबरोबर आलेख आणखी बिघडतो आणि मुलगा आणखी फोन करतो. माझा सल्ला: अहवाल आठवड्यातून एकदाच, आण्णांच्या समक्ष, व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून बघायचा. रोजचं बघायचं असेल तर फक्त पडल्याची सूचना चालू ठेवा. आणि ती काय पकडते काय नाही, हे प्रश्न २२ मध्ये वाचा.

१७. ही माहिती जाते कुठे? कंपनी विकते का?

ॲप उघडताना ‘मान्य आहे’ दाबण्याआधी तीन गोष्टी बघा: माहिती कोणाला दिली जाईल, ती काढून टाकता येते का, आणि संशोधनाला दिलेली संमती वेगळी मागितली आहे का. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसून मागायचा हक्क त्यात आहे. फुकट ॲपपासून जरा सावध.

१८. घड्याळ म्हणतं सगळं छान, पण हे म्हणतात आज दिवस फार वाईट गेला. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं. ‘ऑफ’ फक्त हातापायांचा नसतो. गोळी उतरली की काहींना जीव घाबरा होतो, घाम सुटतो, अंग दुखतं, डोकं चालेनासं होतं. मनगटावरच्या सेन्सरला यातलं काहीच दिसत नाही. बद्धकोष्ठता, उदासी, वास न येणं, रात्री स्वप्नात हातपाय झाडणं हेही आजाराचेच भाग आहेत आणि मंदपणाच्या आलेखात त्यांना जागा नाही. तेव्हा रुग्णाचं म्हणणं खोडून काढायला आलेख वापरू नका. वहीत लिहा: ‘चार वाजता, घाबरं झालं.’

उलटही होतं. घड्याळ भरपूर वळवळ दाखवतं आणि रुग्ण म्हणतो, मला काही जाणवत नाही. ते थापा मारत नसतात. स्वतःची वळवळ पुष्कळांना खरोखर कळत नाही, आणि अंग जखडून बसण्यापेक्षा हलणं त्यांना बरंच वाटतं. ती कमी करायची की नाही, हे त्यांच्या सोयीवर आणि डॉक्टरांच्या मतावर सोडा. आलेख बघून गोळी मनाने कमी करू नका. एकदम तर कधीच बंद करू नका. त्याने अंग कडक होऊन तीव्र ताप येण्यापर्यंत मजल जाते, जिवावरही बेतू शकतं.

१९. उंबऱ्यापाशी पाय चिकटतात. दवाखान्यात मात्र झपाझप चालतात. सेन्सर पकडेल का?

मनगटावरचा नाही. पाय चिकटतात तेव्हा बहुधा पूर्ण थांबलेले नसतात, जागच्या जागी बारीक थरथरत असतात, सेकंदाला तीन ते आठ वेळा. ही लय नडगीवर, घोट्यावर किंवा कमरेवर बांधलेला सेन्सर टिपू शकतो. पण इथेही मी आधी फोन हातात घ्यायला सांगेन. उंबरा, मोरीचं दार, कॉट आणि कपाटामधली चिंचोळी जागा, वळण या ठिकाणांचा व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या रुंद, सपाट बोळात हा प्रकार दिसतच नाही.

आणि तोवर फरशीवर त्या जागी रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावा, पावलाच्या अंतरावर. पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाय सुटतो. काहींना मोठ्याने ‘एक-दोन’ मोजून जमतं. वर्गातल्या एक माळकरी आजी ‘विठ्ठल विठ्ठल’च्या ठेक्यावर उंबरा ओलांडतात.

२०. बाबांची डीबीएस (मेंदूत तारा बसवून वीज देण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे. घड्याळ घातलेलं चालेल का?

मनगटावर चालतं, पण चुंबकाची काळजी घ्या. डीबीएसची बॅटरी बहुधा गळ्याच्या हाडाखाली छातीत बसवलेली असते. स्मार्टवॉचचा चुंबकी चार्जर किंवा चुंबकी पट्टा तिच्यापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे सदऱ्याच्या वरच्या खिशात चार्जर नको. काही नव्या डीबीएस यंत्रांना मेंदूतल्याच लहरी ऐकू येतात. त्यावरून विजेचा जोर स्वतः कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. तुमचं यंत्र त्यातलं आहे का, हे सेटिंग करणारे डॉक्टर सांगतील. सेटिंग बदललं त्या दिवसाची नोंद वहीत मोठ्या अक्षरात करा.

२१. वडिलांना आहे, मी पंचेचाळिशीचा. घड्याळ घालून मला आधीच कळेल का?

तुमची भीती ज्या बातमीतून आली ती मला माहीत आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासात २०१३ ते २०१५ दरम्यान एक लाखाहून जास्त लोकांनी आठवडाभर मनगटावर सेन्सर घातला होता. पुढे ज्यांना पार्किन्सन्स झाला त्यांची हालचाल निदानाच्या काही वर्षं आधीपासूनच मंदावलेली होती, असं २०२३ मध्ये त्या नोंदींवरून दाखवलं गेलं. संशोधन म्हणून हे मोलाचं आहे. पण लाखभर लोकांच्या सरासरीत दिसलेली गोष्ट तुमच्या एकट्याच्या मनगटावर वाचता येत नाही. गुडघा दुखला, नोकरी बैठी झाली, मन खचलं तरी हालचाल मंदावते. बहुतेकांत हा आजार थेट आनुवंशिकही नसतो. एका हाताचा झोका गेला, अक्षर बारीक होत चाललं, असं काही दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. नाहीतर वडिलांबरोबर रोज भराभर चाला.

२२. आलेख सुधारला, डॉक्टर खूश आहेत. पण तात्या या महिन्यात तीनदा पडले. हे कसं?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण चांगल्या आलेखाच्या भरात पडणं सांगायचंच राहून जातं.

मनगटावरचा आलेख हात किती आणि कसा हलला ते सांगतो. तोल हा वेगळा विषय आहे, आणि लेव्होडोपाने हात मोकळे झाले तरी तोल त्या मानाने सुधारत नाही. शिवाय गोळी चांगली लागली की माणूस उठतो, गोठ्याकडे जातो, गच्चीवर चढतो, आणि पडायच्या संधी वाढतात. तिसरं कारण रक्तदाब. पार्किन्सन्समध्ये, आणि त्यावरच्या औषधांनीही, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरू शकतो. झोपलेले असताना एकदा मोजा, उभे राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवा. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

घड्याळाच्या पडल्याच्या सूचनेवर भिस्त ठेवू नका. खुर्चीत धपकन बसलं की ती वाजते, आणि भिंतीला टेकून हळूच खाली घसरलेला माणूस तिला कळतच नाही. तात्या कुठे पडले, कितीला, गोळीनंतर किती वेळाने, आणि पुढे, मागे की बाजूला, एवढं तीनही वेळांचं लिहून पुढची तारीख यायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. मागे पडत असतील तर ते ठळक लिहा.